आमिषाच्या पिशवीसमोरचा एक तास

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, पण लग्नसमारंभात मिरवणाऱ्यांपैकी नव्हे. माझ्यापुढे आजवर कोणी केस सारखे केले नाहीत की चेहरा हसरा केला नाही. मला समुद्राच्या तळाशी सोडतात. तिथे मी तासभर बसतो, समोर येईल ते टिपतो आणि दोराने वर ओढला जातो. यात सांगण्याजोगे काय, असे तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते.

माझी घडण साधी आहे. जाड धातूचे नळकांडे, पुढे काच, मागे झाकण आणि झाकणाच्या खाचेत पाणी अडवणारे रबरी कडे. हे सगळे तीन पायांच्या एका लोखंडी तिकाटण्यावर घट्ट बसवलेले. तिकाटण्यातून एक लांब दांडा पुढे जातो आणि त्याच्या टोकाला जाळीची पिशवी असते. पिशवीत तारल्या नावाचे तेलकट मासे ठेचून भरतात. वास प्रवाहाबरोबर दूरवर जातो, मासे त्याच्या मागावर येतात, आणि मी त्यांना पाहतो. पिशवीची जाळी पोलादी आहे. पाहुण्यांना वास मिळतो, घास मिळत नाही. पाहुणचाराची ही रीत फारशी सभ्य नाही, हे मला मान्य आहे.

आम्ही अशी सहा भावंडे. माझ्यात एक बारीकसा मायक्रोफोनही आहे. पाण्याखाली तो खडकावरच्या कुरकुरीपलीकडे काही ऐकत नाही. मात्र घरात त्याला सगळे ऐकू येते, आणि काचेला दिसते. पुढची हकिगत मला कशी कळली, ही शंका त्यामुळे मिटावी.

घर होते बाईंचे. बाई समुद्रातल्या माशांची गणती करत आणि गावात त्यांना सगळे 'बाई' एवढेच म्हणत. काम आटोपले की आम्हा सहाही जणांना त्या गोड्या पाण्याने धूत, रबरी कडी काढून पुसत आणि जेवणघरातल्या फळीवर ओळीने ठेवत, कारण त्या घरात कोरडी जागा तेवढीच होती. त्यांचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे. शेजारीण म्हणाली की यंदा मासळी भरपूर आहे, तर बाई विचारत, भरपूर म्हणजे किती, आणि मोजली कोणी. शेजारीण पुढे पुढे हवापाण्याचेच बोलू लागली.

गावापासून थोड्या अंतरावर समुद्रात प्रवाळाचा एक लांबट खडक आहे. पोपटमासे तिथे दातांनी प्रवाळ कुरतडतात, तांबोशी कपारीत उभ्या असतात, आणि एके काळी तिथे शार्कही पुष्कळ होत्या. मग त्या धरून धरून संपल्या. शार्क गेल्यावर बाकीच्या माशांचीही घडी विस्कटली, तेव्हा मासेमारीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने खडकावर मासेमारीची बंदी घातली. अट अशी होती की खडकावर शार्क परतल्याचे गणतीने सिद्ध झाले, तर बंदी उठेल. गणती करायची होती आम्ही, म्हणजे बाईंनी. बंदी राहणार की उठणार, सगळ्या गावाच्या चुली आणि त्या खडकाचे पुढचे भविष्य, हे सारे आमच्या काचेसमोरून काय जाते यावर ठरणार होते. बाई कोणाच्याच बाजूच्या नव्हत्या. त्यांना आकडा खरा हवा होता, इतकेच.

आम्हाला खडकावर नेणारा तांडेल मात्र उघडपणे एका बाजूचा होता. त्याची नाव बंदीमुळे बहुतेक वेळ बांधलेलीच असे. तरीही तो आम्हाला जपून नेई आणि वाटेत बाईंना टोमणे मारी. एकदा त्याने मला घोंगडीत गुंडाळताना म्हटले होते, "बाई, माझा जावईसुद्धा इतक्या मानानं बसत नाही नावेत. आणि तो निदान बोलतो तरी."

"म्हणूनच याच्यावर विश्वास आहे," बाई म्हणाल्या होत्या.

आमची चित्रणे मोजत मास्तर. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. हे काम त्यांनी स्वतः मागून घेतले. त्यांचे म्हणणे होते की, चुळबुळ करणाऱ्या वर्गाची हजेरी ज्याने तीस वर्षे घेतली, त्याला मासे काय जड जाणार. बाईंनी त्यांना आधी मोजणीचा नियम शिकवला. तासाभरात एखादा मासा दहा वेळा आला आणि गेला, तर ते दहा मासे होत नाहीत. एकाच क्षणी जास्तीत जास्त जितके मासे चौकटीत एकत्र दिसतील, तेवढाच आकडा लिहायचा. मास्तरांना हे फार आवडले. एकच पोरगा वर्गाच्या दारावरून दहा वेळा गेला, म्हणून हजेरी दहा होत नाही, असे ते म्हणाले, आणि बाई त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसल्या.

दुसरा नियम बाईंचा स्वतःचा होता आणि जास्त कडक होता. मोजणाऱ्याला काय पाहायचे आहे ते आधी ठाऊक असले, तर डोळे तेच पाहतात. म्हणून मास्तरांना काहीही कळता कामा नये. बाई प्रत्येक चित्रणावरची तारीख, वेळ आणि जागा झाकून टाकत. यंदाच्या चित्रणांत मागच्या वर्षांची चित्रणे मिसळून देत. ती जुनी चित्रणे पूर्वी दुसऱ्या कोणी मोजलेली असत, आणि मास्तरांचा आकडा जुन्याशी जुळतो का, हे त्यावरून तपासता येई. निकाल मास्तरांना कधीच सांगितला जात नसे, कारण निकाल कळला की पुढच्या वर्षीची नजर बिघडते. आणि घरात, विशेषतः जेवताना, चित्रणांत काय दिसले याबद्दल अवाक्षर काढायचे नाही.

मित्रांनो, हा नियम चांगला होता. अजूनही मला तो चुकीचा म्हणता येत नाही. मोठमोठ्या माणसांचे डोळे अशाच नियमांअभावी फसले आहेत.

ज्या हंगामाची ही गोष्ट आहे, त्या हंगामात समुद्र दांडगा होता. खडकाच्या सहा जागी आम्हा सहा जणांना सोडायचे असते. त्या सहा जागांत सगळा खडक येतो. दर वर्षी तांडेल वरच्या टोकापासून, म्हणजे जिकडून प्रवाह येतो तिकडून, सुरुवात करी. त्या सकाळी लाटा वरच्या अंगाला होत्या. तो म्हणाला, आज खालच्या टोकापासून सुरू करतो, तोपर्यंत वरचा भाग शांत होईल. बाईंनी क्षणभर विचार केला. दोन कॅमेऱ्यांमधले अंतर ठरल्याप्रमाणे होते, आमिष सारखेच होते, वेळ प्रत्येकी तासभरच होती. कोणत्या टोकापासून सुरू करावे, हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेले नव्हते.

"चालेल," बाई म्हणाल्या.

खालच्या टोकाला पहिला उतरलो तो मीच.

वाळू खाली बसली. आधी पोपटमासे आले, मग एक गोबरा येऊन पिशवीला नाक लावून गेला. त्यानंतर सगळे मासे एकाएकी कपारींकडे सरकले आणि खालच्या निळसर धुक्यातून ती आली. राखाडी पाठ, फिकट पोट, अंग चांगले माणसाएवढे लांब. पाठीवरच्या पराचे टोक कापल्यासारखे खाचलेले, आणि जबड्याच्या कोपऱ्यात जुन्या गळाचा पांढरा वण. तिने पिशवीभोवती सावकाश फेरी घातली. एकदा जाळी चावून पाहिली. मग माझ्या काचेसमोर येऊन थांबली नाही, कारण शार्क थांबत नाहीत. पण माझ्या अगदी जवळून गेली. तिचा डोळा मी पाहिला. त्यात मला काही भाव दिसला असे मी म्हणणार नाही. डोळा होता, एवढे खरे. मग ती प्रवाहाच्या उलट दिशेला, वर, निघून गेली.

वर माझा दुसरा भाऊ नुकताच उतरला होता आणि त्याच्या पिशवीचा ताजा वास खाली वाहत येत होता. त्याच्या वर तिसरा. वासाच्या मागावर जाणारा मासा प्रवाहाविरुद्ध जातो. घास कुठेच मिळत नव्हता, त्यामुळे थांबायला कारण कुठेच नव्हते. मला हे तेव्हा ठाऊक नव्हते. खाली बसलेल्याला आपल्या काचेपुढचेच दिसते.

मास्तर ती चित्रणे मोजायला बसले ते जेवणघराशेजारच्या खोलीत. मी फळीवरून त्यांच्या खुर्चीची करकर ऐकत होतो. एका दुपारी ते एकटेच पुटपुटले, "या, या, आत्याबाई." त्यांना एक आत्या होती म्हणे. ती यायची, घरभर फिरायची, डबे उघडून पाहायची, नाक मुरडायची आणि पाण्याचा घोटही न घेता परत जायची. काही दिवसांनी ते पुन्हा म्हणाले, "आलात का परत?" नंतरच्या आठवड्यात आणखी एकदा. त्यांचा आवाज दर वेळी जास्त आनंदी होत गेला. प्रत्येक चित्रणापुढे त्यांनी नियमाप्रमाणे शार्क एक, असे लिहिले. कोणती, हे लिहायला रकाना नव्हता.

त्या दिवसांत जेवताना मास्तर बाईंकडे पाहत आणि त्यांच्या ओठांवर काहीतरी येई. मला ते कळत होते, कारण ते अकारण घसा खाकरत. मग नियम आठवून पाणी पीत.

बाईंनी आकडे लावले. सहा जागा, प्रत्येक जागी एक, सहा शार्क. मागची सगळी वर्षे शून्याची. बाईंना ते पटकन खरे वाटले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्यांनी बेरीज पुन्हा केली आणि दोन चित्रणे स्वतः उघडून शार्कच आहे ना, हेही पाहिले. शार्कच होती. एका चित्रणात ती उजवीकडून जाते, दुसऱ्यात लांबून, पर अर्धा चौकटीबाहेर. त्या मासा ओळखायला बसल्या नव्हत्या. मोजणी तपासायला बसल्या होत्या, आणि मोजणी बरोबर होती.

समितीने बंदी उठवली. त्या दिवशी मला सभागृहात नेऊन पांढऱ्या कापडावर ठेवले आणि माझाच फोटो काढला. अध्यक्षांनी माझे कौतुक केले. तांडेलने सगळ्यांसमोर बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाला की तुम्हाला मी तोंडावर बोललो ते बोललो, पण पाठीमागे कधी वाईट बोललो नाही. बाईंना खरोखर आनंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच खरा आकडा आणि चांगली बातमी एकाच कागदावर आली होती.

घरी मास्तरांनी विचारले, "इतकं वाढलं का गं खडकावर?"

"आकड्यांवरून तरी तसंच दिसतंय," बाई म्हणाल्या, आणि नियमाप्रमाणे पुढे बोलल्या नाहीत. मास्तरांनीही विचारले नाही. त्यांना बायकोचा अभिमान होता, आणि तो त्यांना बोलू देत नव्हता.

बंदी उठून फार दिवस झाले नव्हते. मास्तर सकाळी धक्क्यावर तारल्या आणायला गेले आणि तारल्या न घेताच परतले. दुपारी पानावर बसले, पण हात पुढे केला नाही.

"आत्याबाई गेली," ते म्हणाले.

बाईंना वाटले नात्यातले कोणीतरी. त्यांनी हळूच विचारले, "कोणाची आत्या?"

"माझी नव्हे गं. चित्रणातली. पराला खाच असलेली शार्क. मी तिला आत्याबाई म्हणायचो. धक्क्यावर पडली होती, तोंडाशी तोच वण." मग ते जरा ओशाळले. "आपला नियम मोडला मी. पण आता ती राहिलीच नाही, म्हणून."

"तुम्ही तिला ओळखत होतात?"

"सहा वेळा पाहिली. मनात म्हटलं, सहा वर्षं टिकली बिचारी, कुणाच्या हाती लागली नाही."

बाईंचा घास हातातच राहिला. "सहा वर्षं कशावरून?"

"जुनी-नवी चित्रणं मिसळूनच देतेस ना तू? दर वर्षातलं एक, असं धरलं मी."

"जुन्या चित्रणांत शार्क नाही," बाई म्हणाल्या. "एकातही नाही. सहाच्या सहा यंदाच्या आहेत."

गणिताच्या शिक्षकाला बेरीज समजायला वेळ लागत नाही. तो लागतो ती मान्य करायला.

"यंदाच्या म्हणजे एका सकाळच्या?" मास्तरांनी विचारले.

बाई उठल्या. त्यांनी टेबलावर सहा वाट्या एका रांगेत मांडल्या. प्रवाह कुठून येतो ते बोटाने दाखवले आणि नाव त्या दिवशी कोणत्या टोकापासून निघाली ते सांगितले. मग एक चमचा त्यांनी पहिल्या वाटीजवळ ठेवला आणि तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वाटीपर्यंत सरकवत नेला. सहाव्या वाटीपाशी चमचा थांबला. त्यानंतर त्यांनी सगळ्या चित्रणांवरच्या वेळा उघड्या केल्या. एका काचेसमोरून ती निघाली की थोड्याच वेळाने वरच्या काचेसमोर पोचत होती. खाच तीच, वण तोच. मास्तरांच्या हिशेबात एक मासा सहा वर्षे जगला होता आणि बाईंच्या हिशेबात सहा मासे एका सकाळी आले होते. दोघांच्याही मोजणीत चूक नव्हती. दहा वेळा दारावरून जाणाऱ्या पोराला तो नियम एका दाराशी पकडतो. सहा दारांचे त्याला काही ठाऊक नसते.

मास्तर एवढेच म्हणाले, "मी पहिल्यांदा पाहिली तेव्हाच बोललो असतो तर?"

"मी बोलू दिलं नसतं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तांडेलला बोलावून सगळे सांगितले. तो उंबऱ्याशी उभा राहून ऐकत होता. आत्याबाई त्याच्याच गळाला लागली होती. तो चिडला असता तर बाईंना सोपे गेले असते, असे मला त्यांच्या आवाजावरून वाटले.

"बाई, तुम्ही सहा सांगितल्या होत्या," तो म्हणाला. "मी त्यातली एक धरली. अजून पाच आहेत, असं समजून झोपलो रात्री." मग त्याने विचारले, "आता किती आहेत?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या सगळ्या आकड्यांपेक्षा हे उत्तर जास्त अचूक होते.

बाई समितीपुढे गेल्या. आपली गणती चुकीची होती, असे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि बंदी परत घालण्याची विनंती केली. समितीने शांतपणे ऐकून घेतले. उत्तर आले की, निर्णय रीतसर झाला आहे आणि पुढचा विचार ठरलेल्या मुदतीनंतर होईल. एक सदस्य म्हणाले की, एकदा सहा म्हणता आणि एकदा एक म्हणता, तर आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? आयुष्यभर हाच प्रश्न बाई इतरांना विचारत आल्या होत्या. तांडेल त्यानंतर खडकावर गळ टाकत नाही, पण इतर नावा टाकतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

गणती अजून चालू आहे. आता आम्हाला वरच्या टोकापासून आणि वेगवेगळ्या दिवशी सोडतात. चित्रणांवरच्या तारखा बाई झाकतात, पण शार्क दिसली तर ती कोणती, यासाठी नवा रकाना केला आहे. तो रकाना रिकामा आहे. पोपटमासे येतात, एखादी तांबोशी येते, मग उरलेला वेळ निळे पाणी. मास्तर ते पाणी शेवटपर्यंत पाहतात. एक लिहायला एक क्षण पुरतो, शून्य लिहायला मात्र पूर्ण तास बसावे लागते. हल्ली बाईही खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसतात. मधूनच कुठे निळ्यात काही गडद हलले की मास्तर पुढे वाकतात. तो गोबरा असतो. ते पुन्हा मागे टेकतात आणि बाई त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवतात.

मित्रांनो, माझे दिवस आता थोडे राहिले आहेत. काचेवर चरे पडले आहेत आणि झाकणाचे कडे सैल झाले आहे. मला कधी कायमचे फळीवर ठेवाल, तर आधी गोड्या पाण्याने धुवा. मीठ राहिले की काच आंधळी होते. वस्तूची एवढी काळजी पुरते. जिवाची काळजी घेणे अवघड आहे. तो एकटाच आहे की आणखी आहेत, हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते, आणि ज्याला ठाऊक आहे त्याने ते घरात बोलावे लागते. तुमच्यापैकी कोणी कशाचीही मोजणी करायला बसलात, तर किती, हे लिहिण्याआधी कोण, एवढे एकदा विचारा. नियमात बसत नसले तरी विचारा.

उद्या सकाळी मला पुन्हा सोडणार आहेत. मास्तरांनी तारल्या ठेचून ठेवल्या आहेत, नेहमीपेक्षा मूठभर जास्तच.